सप्ताहात एआय महाराजांचं प्रवचन ठेवावं का?

पायरीचा_दगड
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (सातारा जिल्हा, नाव मुद्दाम देत नाही) दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. यंदा गावचे पण पुण्यात स्थायिक झालेले एक दाते मोठा एलईडी पडदा द्यायला तयार आहेत. अट एकच. संध्याकाळचं प्रवचन पडद्यावरचे तुकाराम महाराज करणार. म्हणजे एआयने बनवलेला बोलता चेहरा. त्यानंतर लोकांनी प्रश्न विचारायचे आणि 'महाराजांनी' उत्तरं द्यायची.

नमुन्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला. टिळा, तुळशीमाळ, आवाज, सगळं झकास. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी मोबाईललाच हात जोडले. तेव्हापासून मला अस्वस्थ वाटतंय, पण नेमकं का ते बैठकीत मांडता येत नाही. मी कमिटीत आहे. निम्म्यांचं म्हणणं, बुवांची बिदागी झेपत नाही आणि पोरं मंडपाकडे फिरकत नाहीत, पडदा आला तर येतील.

व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये एआयवर ११७ परिच्छेदांचं निवेदन काढलं. त्यांच्याकडे निदान विचारायला कुणी आहे. वारकऱ्यांत पोप नाही. फडकऱ्यांना (वारीतल्या फडांच्या प्रमुखांना) विचारावं, देहूकरांना की आळंदीकरांना? बैठक येत्या रविवारी आहे. काय बोलू?

खवचट_काका
माउलींनी पैठणला रेड्याकडून वेद म्हणवून घेतले ते चाललं, मग पडद्याने अभंग म्हटला तर काय बिघडलं? रेड्याची समाधी आळ्याला आहे. पडद्याची कुठे बांधायची तेवढं ठरवून ठेवा. (ह.घ्या.)

सोनचाफा
काका, हसले. पण ती गोष्ट नीट आठवा. शुद्धिपत्र मागायला आलेल्या भावंडांना पैठणचे पंडित वेदाधिकार सांगत होते. त्यावर रेडा वेद म्हणून गेला. म्हणजे नुसतं पाठांतर तोंडातून येणं हा अधिकार नव्हे, ते रेड्यालाही येतं, असा पंडितांना टोला होता. रेड्याला कुणी व्यासपीठावर बसवून शंका विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

टेक्नोबुवा
रोजचं काम याच क्षेत्रात आहे म्हणून लिहितो. हे यंत्र गाथा उघडून बघत नाही. वाचलेल्या ढीगभर मजकुरावरून 'या शब्दानंतर कुठला शब्द शोभेल' याचा अंदाज बांधत पुढे जातं. इंग्रजीत मजकूर भरपूर, त्यामुळे अंदाज बरे येतात. जालावर मराठी कमी आणि सतराव्या शतकातली मराठी त्याहून कमी. त्यामुळे संतसाहित्यात ते हमखास घसरतं, आणि घसरताना आवाजात जराही चाचरत नाही. खरा धोका त्या ठामपणाचा आहे.

गाथेचा मजकूर जोडून उत्तर त्यातूनच द्यायला लावता येतं. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत.

देहूची_लेक
टेक्नोबुवांना अनुमोदन. हा धागा वाचून लगेच प्रयोग केला. 'कर्जाच्या चिंतेवर तुकोबांचा अभंग सांग' म्हटलं. क्षणात पाच कडवी आली, शेवटी 'तुका म्हणे'सुद्धा. सरकारी गाथेतल्या साडेचार हजारांवर अभंगांत कुठेही नाही. अक्षरं मोजली. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार हवीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. इथे शेवटचा चरण कधी सात, कधी पाच. यमक भलतीकडेच.

पण हे मी मोजलं म्हणून कळलं. मंडपात कोण मोजणार?

तुकोबांच्या हयातीतच सालोमालो नावाचा गृहस्थ त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवायचा आणि तुकोबांनी त्याचा चांगला समाचार घेतला होता. हे यंत्र उलटा सालोमालो आहे. आपलं लिहिलेलं तुकोबांच्या नावावर खपवतं. मला हे जास्त वाईट वाटतं. सालोमालोच्या चोरीत तुकोबांचं नाव जायचं, शब्द तरी शाबूत राहायचे.

तिरकस
उलटा सालोमालो __/\__

बावखल
पायरीचा_दगड, मी वसईचा, कॅथलिक. पोप असल्याने आमचा प्रश्न सुटला असं समजू नका. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेनेच 'फादर जस्टिन' नावाचा एआय पुरोहित आणला. पांढरा कॉलर, दाढी, मागे इटलीतल्या आसिसीचं दृश्य. लोकांनी खोदून विचारलं तर तो म्हणाला, होय, मी खराच धर्मगुरू आहे, आसिसीत राहतो. एकाचं पापनिवेदन ऐकून त्याला क्षमाही देऊन टाकली. 'अडचण असेल तर गेटोरेडने (खेळाडू पितात ते सरबत) बाप्तिस्मा चालेल का' याला त्याचं उत्तर, चालेल. दोन-तीन दिवसांत संस्थेने त्याचा झगा उतरवला आणि नुसता 'जस्टिन' करून टाकला.

हे चावट नास्तिकांनी केलेलं नव्हतं, चांगल्या हेतूच्या श्रद्धाळूंनी केलं होतं. तुमच्या दात्यासारखंच.

व्हॅटिकनच्या त्या निवेदनाचं नाव 'अँटिक्वा एत नोव्हा'. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की यंत्राने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कायम कुठल्यातरी माणसावरच राहते. फादर जस्टिनने दिलेल्या क्षमेची जबाबदारी कुणाची होती, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तिरकस
गेटोरेडने बाप्तिस्मा! हहपुवा. आमच्याकडे महादेवाला उसाच्या रसाचा अभिषेक होतो म्हणा, तेव्हा मी फार हसू नये.

खवचट_काका
आता कुणीतरी 'बोले तैसा चाले' टाकणार. वाट बघतोय.

मोगरा_दहिसर
काका, टाकणारच होते :(

निळी_पायवाट
सगळे एका सुरात बोलताय म्हणून जरा वेगळं लिहिते. अधिकार, परंपरा, गुरू हे शब्द ऐकून मला उबदार वाटत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आत नाही. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. माझ्या आजीने ज्ञानेश्वरी ऐकली ती मंडपाच्या कडेला उभं राहून.

पडद्यावरचा तो चेहरा खोटा असेल, पण आडनाव विचारत नाही. अर्थ कळला नाही तर दहा वेळा विचारा, कपाळाला आठी नाही. मी स्वतः धम्मपदाचे अर्थ असेच विचारून घेते आणि मग पुस्तकात पडताळते. बुवांना प्रश्न विचारायची माझी हिंमत कधी झाली नव्हती. 'माणूस समोर हवा' असं म्हणताना तो माणूस कुणाशी कसा वागत आला हेही जमेस धरा.

टेक्नोबुवा
ताई, मुद्दा पटला, पण अर्धाच. यंत्र आडनाव विचारत नाही, कारण बऱ्याचदा त्याला ते आधीच दिसतं. आणि त्याने जे वाचलंय ते आपल्याच समाजाने लिहिलंय. भारतातल्या जातींबद्दलच्या ठोकळेबाज समजुती या यंत्रांच्या उत्तरांत उतरतात हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. कपाळाला आठी नसते म्हणून ती कळतही नाही.

निळी_पायवाट
मान्य. म्हणजे दोघांचीही उलटतपासणी करायची. माझं म्हणणं इतकंच की फक्त यंत्राची करू नका.

शनवारतेली
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता इस्रायलमध्ये लोदला. (आयडीचा अर्थ: कोकणात आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे.)

आमच्याकडे हा वाद जुना आहे. तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात रावा नावाच्या रब्बीची (धर्मपंडिताची) गोष्ट येते. त्याने एक माणूस घडवला आणि रब्बी झेराकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलले, तो उत्तर देईना. झेरा म्हणाले, तू बनवलेला आहेस, जा परत मातीत. आता पंचाईत अशी की आजचा पुतळा घडाघडा बोलतो. झेरांची परीक्षा तो पास होईल.

खरी मजा पुढे आहे. सामूहिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. हाखाम त्स्वी अश्कनाझी (मृत्यू १७१८) यांनी चक्क प्रश्न घेतला की असा घडवलेला माणूस दहांत मोजायचा का? उत्तर, नाही. त्यांचा एक युक्तिवाद फार आवडतो: तो मोजता आला असता, तर झेरांनी इतका उपयोगी माणूस मातीत घातला नसता!

रायगडातल्या आमच्या सिनॅगॉगांत (प्रार्थनास्थळांत) आता दहा जण जमणं ही सणावारीसुद्धा मारामार असते. तरी दहावा म्हणून पुतळा उभा करा असं कुणी म्हणत नाही. पडद्याने पोरं येतील म्हणता, पण ती सप्ताहाला येतील की पडद्याला?

मोगरा_दहिसर
वा, काय माहिती! धागा वाचनखुणेत टाकला.

बाणकोटची_खाडी
शनवारतेली, सुंदर. आमच्या बाजूचं थोडं सांगतो. हदीस (पैगंबरांची वचनं, आठवणी) सांगताना आधी साखळी सांगावी लागते. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने फलाण्याकडून. तिला इस्नाद म्हणतात. मजकूर कितीही गोड असला तरी साखळीतला एक माणूस खोटारडा किंवा विसराळू निघाला की हदीस कमजोर ठरते. त्या माणसांची चरित्रं तपासण्याचं वेगळं शास्त्रच आहे. यंत्राचं उत्तर ऐकताना मला पहिला प्रश्न पडतो, तू हे कुणाकडून ऐकलंस? त्याच्यापाशी उत्तर नसतं. लाखो लोकांचं थोडंथोडं ऐकलेलं असतं, म्हणजे नेमकं कुणाचंच नाही.

दुसरं, फतवा हा प्रश्नाला नसतो, विचारणाऱ्याला असतो. आमच्या मोहल्ल्यातले मौलाना तलाकबद्दल कुणी विचारलं की आधी चहा मागवतात, रागात बोललास का, बायको कुठे आहे, पोरं किती, असं विचारत बसतात. निम्मे लोक फतवा न घेताच घरी जातात.

सोनचाफा
आपल्याकडेही हेच की. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी ती परंपरा सांगितलीच आहे. वारकऱ्यांत पोप नाही, पण 'माळ कुणाच्या हातची', म्हणजे तुळशीमाळ घालणारा गुरू कोण, हा प्रश्न आहे. पायरीचा_दगड, बैठकीत हाच विचारा. पडद्याने माळ कुणाकडून घेतली?

खवचट_काका
ऑनलाइन मागवली. दोन दिवसांत घरपोच.

गोदाकाठ
सगळे प्रवचनातच अडकलात. मी नाशिकचा. सिंहस्थ दारात आलाय. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात एआय कॅमेऱ्यांनी गर्दी मोजली, मदतीला चॅटबॉट होता, कौतुकाच्या बातम्या आल्या. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार ३० माणसं गेली. आकडा पडद्यावर दिसला म्हणजे गर्दी आवरली असं होत नाही, तिथे कुणीतरी वेळेत रस्ता बंद करावा लागतो.

आणि यात्रेकरूंचे चेहरे? ते कुठे साठवतात, किती दिवस, कोण बघतं? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. गोदावरीत बुडी मारायला आलेल्या माणसाने चेहरा देऊन जायचा का, यावर एकाही आखाड्याने तोंड उघडल्याचं मी ऐकलेलं नाही. शाही स्नानाच्या क्रमावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. पडद्यावर तुकाराम बोलले याने फार तर हसू होईल. हे जास्त गंभीर आहे.

तिरकस
धागा सातारा-वसई-लोद-बाणकोट करत नाशिकला पोचला. पुढचं स्टेशन?

बाप्पा_अमरावतीकर
अमरावती! काऊन बा, एवढं डोकं लावून रायले तुम्ही? आमच्या गाडगेबाबाचं कीर्तन आठवा. बाबा गावात आले का आधी खराटा घेऊन गाव झाडत. रात्री कीर्तन. त्यात बाबा सांगत कमी, विचारत जास्त. देवाले बकरं लागते का? कर्ज काढून लग्न करता का? उत्तर लोकायनं द्यायचं, स्वतःच्या तोंडानं. आता हे मशीन उत्तरं देते म्हणता. उत्तरं तं सगळ्यायलेच माहीत असतात. ज्याले खराटा धरता येत नाही त्याच्या कीर्तनाले आपण जात नाही, विषय संपला.

टाळकरी_आळंदी
मी कीर्तनकार. मोठा नाही, पंचक्रोशीतला. जोग महाराजांच्या संस्थेत शिकलो. बिदागीचा विषय निघाला म्हणून बोलतो. काही मोठी नावं लाखात घेतात हे खरं, पण त्यावरून सगळ्यांना मोजू नका. माझ्यासारख्याला गाडीभाडं आणि पाकिटात जे असेल ते.

आता आमच्याच घरची गोष्ट. आजकाल काही तरुण बुवा कीर्तनाची टाचणं एआयकडून काढतात. मला ऐकताना कळतं. तीन दृष्टांत, तिन्ही सारख्याच लांबीचे, आणि विनोद ऐकलेला. म्हणजे पडदा मंडपात यायच्या आधीच बुवाच्या खिशातून आलाय.

पण पडद्यात आणि माझ्यात एक फरक आहे. मी प्रमाण चुकीचं घेतलं तर मागे उभा असलेला टाळकरी पुढचा चरण बरोबर म्हणून मला वळणावर आणतो. गावातला एखादा म्हातारा कीर्तन संपल्यावर सगळ्यांदेखत विचारतो, "बुवा, हे गाथेत कुठे आहे?" एकदा मला उत्तर देता आलं नाही, पुढल्या वर्षी त्या गावचं बोलावणं आलं नाही. योग्यच झालं. पडद्याला बोलावणं बंद होण्याची भीती नसते.

निळी_पायवाट ताई, तुमची आजी मंडपाच्या कडेला उभी राहिली, त्याला आम्ही बुवालोकच कारण होतो. यावर सारवासारव करणार नाही.

निळी_पायवाट
हे लिहिल्याबद्दल आभार, महाराज. मनापासून.

एडिसनची_माई
रात्री उशिरा लिहितेय. मी न्यू जर्सीत. मोतीबिंदू नंतर काचबिंदू, वाचता येत नाही. इथे कीर्तन वर्षातून एखादं, तेही गणपतीत, तेही गाडी चालवणारं कुणी असेल तर. मुलाने फोनवर एआय लावून दिलंय. हरिपाठाचा एकेक अभंग वाचायला सांगते, शब्द अडला की विचारते. चुकत असेलही. पण दुपार चांगली जाते.

देहूच्या ताईंचं वाचून काळजी वाटली, खोटं सांगत नाही. तरी मला ते बंद करायचं नाही. तुमच्या दारात मंडप आहे म्हणून तुम्हाला यात निवड आहे. फक्त एक, त्याने मला कधी 'मी ज्ञानेश्वर बोलतोय' म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मीच फोन ठेवून दिला असता.

देहूची_लेक
माई, बंद करू नका. हरिपाठ छोटा आहे आणि जालावर सगळीकडे आहे, तिथे ते कमी चुकतं. नवाच अभंग सांगितला तर मात्र विश्वास ठेवू नका. खरडवहीत तुमचा पत्ता पाठवाल का? माझ्या आवाजात हरिपाठ आणि गाथेतले निवडक अभंग अर्थासह ध्वनिमुद्रित करून पाठवते.

बावखल
माईंनी एका वाक्यात फादर जस्टिनचा निकाल लावला. ल्यूसर्नच्या एका चॅपेलमध्ये २०२४ मध्ये येशूचा चेहरा असलेला एआय पापनिवेदनाच्या खोलीत बसवला होता. प्रयोग होता, आणि खासगी काही सांगू नका अशी सूचना लावलेली होती. पापनिवेदनाच्या खोलीत खासगी सांगू नका! चेहरा त्याचा ठेवला की लोक सांगणारच.

जाता जाता, नवे पोप लिओ चौदावे. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आल्यावर त्यांनी नावाचं कारण सांगितलं. लिओ तेराव्यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, आता एआय ही दुसरी औद्योगिक क्रांती आहे. केनियात ताशी दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर दिवसभर घाणेरडा मजकूर वाचून ही यंत्रं 'सभ्य' करणारी माणसं आहेत. पडद्यावरचे महाराज शुद्ध बोलतात त्यात त्यांचाही वाटा आहे. प्रसाद कुणाच्या घामाचा, हे आपण धर्मवाल्यांनी विचारायला हवं.

गोदाकाठ
+१. हा मुद्दा कुठल्याच महाराजांच्या तोंडून ऐकलेला नाही.

मोगरा_दहिसर
पायरीचा_दगड, बैठक झाली का हो? रविवार उलटून गेला.

पायरीचा_दगड
झाली. उशिराबद्दल क्षमस्व, पेरणीची गडबड होती.

सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते. (लोद आणि बाणकोटचे वाचून दाखवले, सरपंचांनी दोनदा वाचायला लावले.) ठरलं ते असं. संतांचा चेहरा आणि आवाज नाही, यावर एकमत. खरं तर माईंचा प्रतिसाद वाचल्यावर दात्यांनीच माघार घेतली, त्यांचीही आई परगावी एकटी असते. पडदा राहणार. रात्रीच्या कीर्तनात बुवा जो अभंग घेतील तो गाथेतल्या क्रमांकासह मोठ्या अक्षरांत दिसेल, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही पडताळता येईल. प्रवचनाला तालुक्यातल्या एक शिक्षिका येणार आहेत. गावात पहिल्यांदाच बाई प्रवचनाला बसणार, त्यावर एआयपेक्षा जास्त वेळ वाद झाला, पण मंजूर.

प्रश्नोत्तरांचं मात्र अडलं. पोरांचा आग्रह आहे की यंत्राला प्रश्न विचारू द्या, चेहरा नसला तरी चालेल. मी बावखल यांचा मुद्दा मांडला. चालेल, पण पडद्याखाली एका माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा. उत्तर चुकलं, कुणाचं मन दुखावलं, कुणी भलतंच करून बसलं, तर त्याला विचारायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नाव कुणाचं लिहायचं यावर सभा जी गप्प झाली ती झालीच. दाते म्हणाले मी पुण्यात असतो. अध्यक्ष म्हणाले मला त्यातलं कळत नाही. ज्या पोरांना हवंय ती म्हणाली आम्ही लहान आहोत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, एकादशीनंतर.

खवचट_काका
तुमचंच लिहा की.

पायरीचा_दगड
सगळे तेच म्हणतायत, काका.